बेल न वाजलेल्या तीस रात्री

आजवर मी लिहिलेल्या पत्रकांपैकी एकाच पत्रकातली मागणी चोवीस तासांच्या आत मान्य झाली, आणि त्याच पत्रकामुळे माझ्या आईचे पैसे कमी झाले.

आई रात्रीच्या ड्युटीला जाते. म्हाताऱ्या, आजारी माणसांजवळ बायका पाठवणारे ब्युरो सोलापुरात आता बरेच झालेत. आईचा ब्युरो म्हणजे एका मेडिकल दुकानाच्या वरची खोली, एक टेबल, एक मॅडम आणि भिंतीवर बायकांच्या फोटोंचा तक्ता. तिथे रात्रीचे दोन प्रकार. पेशंट फार आजारी असेल तर जागी ड्युटी, रात्रीचे सहाशे. नुसतं सोबतीला पडायचं, लागलं तर उठायचं, ती झोपायची ड्युटी. तिचे तीनशे आणि वर चहापाण्याचे चाळीस. वेळ दोन्हीची एकच, रात्री नऊ ते सकाळी सात.

आईची झोपायची ड्युटी होती. शुक्रवार पेठेत एका कापडवाल्यांच्या घरी, खाली दुकान, वर घर. दुकानदाराची आई ऐंशी ओलांडलेली, डाव्या अंगावरून वारं गेलेलं. घरात कन्नड बोलतात, म्हणून तिला सगळे अव्वा म्हणतात. आईही म्हणते.

मी पत्रकांवर वाढले. बाबा एका छोट्या प्रेसमध्ये छपाईच्या मशीनवर होते. विडीवाल्या, यंत्रमागवाले, सफाई कामगार, ज्यांना ज्यांना कुणाशी भांडायचं असे ते कधी ना कधी त्या प्रेसच्या पायऱ्या चढत. वाया गेलेले, शाई फाकलेले कागद बाबा घरी आणायचे. फडताळात ते अंथरलेले, डाळीच्या डब्याखाली ते, माझ्या वह्यांना कव्हरं त्यांचीच. चौथीत ‘गाय’ या निबंधाच्या शेवटी मी लिहिलं होतं, ‘गायीला वेळेवर चारा मिळालाच पाहिजे.’ बाईंनी त्याखाली लाल शाईने भलंमोठं प्रश्नचिन्ह काढलं. बाबांनी मात्र ते वाक्य शेजाऱ्यांना वाचून दाखवलं.

तर अशा घरात आई रोज सकाळी तांबारलेले डोळे घेऊन यायची आणि तिच्या ब्युरोच्या कार्डावर लिहिलेलं असायचं, ‘झोपायची ड्युटी’.

“रात्री किती वेळा उठलीस?” मी एकदा विचारलं.

“मोजलं न्हाय. पाच-सात येळा आसल.”

“आणि पैसे झोपायचे?”

“मग झोपती बी की मधनं मधनं.”

माझं डोकं तापलं. मी त्याच दिवशी लिहायला बसले.

आमच्या शहरात काम नगावर मोजतात. विडी हजारावर, चादर नगावर, बाबांची छपाईसुद्धा हजारावर. हे माप माझ्या इतकं अंगवळणी पडलेलं की दुसरं माप असू शकतं हे मनातच आलं नाही. मी लिहिलं, ‘जितक्या वेळा झोप मोडेल, तितक्या वेळचा मोबदला द्या. प्रत्येक हाकेचे पैसे मिळालेच पाहिजेत.’ ब्युरोतल्या झोपायच्या ड्युटीच्या अकरा बायकांपैकी नऊ जणींनी सह्या केल्या, दोघींनी अंगठे उठवले. मॅडमनी ते पत्रक संध्याकाळी वाचलं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी फोन केला. मान्य. प्रत्येक घरी पेशंटच्या हाताशी एक बिनवायरची बेल ठेवायची. ती वाजली की एका वहीत वेळ लिहायची आणि सकाळी घरच्यांची सही घ्यायची. एका बेलचे तीस रुपये. चहापाण्याचे चाळीस आता बंद.

मी घरभर नाचले. बाबा चष्मा पुसत म्हणाले, “मालक एका दिवसात हो म्हणाला ना, की पत्रक परत वाचायचं असतं.”

“तुम्हाला जिंकलेलं बघवत नाही,” मी म्हणाले.

बेल लागून तीस रात्री झाल्या. विडी घरकुल वसाहतीतून येणाऱ्या एका काकूंना भरघोस पैसे मिळाले; त्यांचे पेशंट आजोबा किती वाजले हे विचारायलासुद्धा बेल दाबायचे. आईच्या वहीत तीस ओळी होत्या. प्रत्येक ओळीत तारीख, पुढे शून्य, पुढे त्या घरच्या सुनेची सही. चाळीसप्रमाणे बाराशे रुपये गेले होते आणि त्यांच्या जागी काहीच आलं नव्हतं.

“पाच-सात वेळा उठतेस म्हणालीस ना?”

“व्हय.”

“मग बेल?”

“वाजली न्हाय.”

“महिनाभर? एकदापण नाही?”

“वाजायच्या आदी जाग येती, त्येला मी काय करू?” आई भाकरी थापता थापता म्हणाली, जणू हा तिचाच दोष. मग परातीतलं पीठ गोळा करत म्हणाली, “मॅडमला सांगून ठिवलंय. एक तारखेपासनं दिवसाची बी एक ड्युटी घेती. धा ते पाच.”

“आणि झोपणार कधी?”

“पाच ते नऊ हाय की.”

बाबा जेवता जेवता थांबले. त्यांचा प्रेस बंद पडून चार वर्षं झाली होती आणि घर आईच्या रात्रींवर चाललं होतं. त्यामुळे अशा वेळी ते काही बोलत नसत. मला मात्र रडू कोसळलं, आणि रडण्यापेक्षा ओरडणं सोपं म्हणून मी ओरडले. “थांबत का नाहीस तू? पडून राहा ना. वाजू दे की ती बेल! दोन मिनिटांनी उठलीस तर काय बिघडतं?”

“तू येऊन बग,” आई म्हणाली. “मग सांग कवा थांबायचं ते.”

एक तारखेला आठ दिवस होते. मी अव्वांच्या सुनेची परवानगी काढली. त्या हसल्या. “या की. मावशींची परीक्षा घ्यायला का?” मी म्हणाले, “नाही, मोजायला.” त्या म्हणाल्या, “मोजा बाई. मी महिनाभर शून्यच लिहितेय, माझा हातसुद्धा दुखला नाही.”

खोलीत एक कॉट, खाली आईची सतरंजी, खिडकीपाशी माझ्यासाठी खुर्ची. अव्वांच्या उजव्या हाताशी ती पांढरी प्लास्टिकची बेल सुतळीने बांधलेली. अव्वा झोपल्या की त्यांच्या नाकातून बारीक शीळ यायची, केटलीत पाणी तापायला लागतं तशी. मी वहीवर तीन रकाने आखले: बेल, आई उठली, अव्वा जाग्या झाल्या. फोनमधलं घड्याळ उघडून बसले. साडेदहाला आई झोपली. खरोखर झोपली. तोंड उघडं, एक हात डोक्याखाली, बारीक घोरणं. मला वाटलं, आज बेल वाजणार आणि हिला उठवावं लागणार.

अकरा चाळीसला आई उठून बसली. दचकून नाही, हळूहळू नाही. एक बाई झोपली होती आणि आता एक बाई बसली होती, मधलं काही मला दिसलंच नाही. मी कॉटकडे पाहिलं. अव्वांचे डोळे मिटलेले. आईने भांड्यात पाणी ओतलं. मग अव्वांनी मान हलवली, ओठ चाटले, उजवा हात सुतळीकडे सरकायला लागला, आणि भांडं आधीच तिथे होतं. दोन घोट. अव्वा म्हणाल्या, “साकु.” पुरे. आई आडवी झाली आणि मी दहा आकडे मोजायच्या आत पुन्हा घोरायला लागली.

योगायोग, मी म्हणाले. वहीत लिहिलं.

एक वाजून पाच मिनिटांनी तेच. या वेळी आईने आधी कॉटखालचं भांडं ओढलं, मग अव्वा चुळबुळल्या. म्हणजे जाग येणार एवढंच नाही, कशासाठी येणार तेही हिला कळलं होतं. मी खुर्ची कॉटजवळ ओढली. श्वास रोखून ऐकायला लागले. आई जे ऐकते ते मला ऐकायचं होतं. गादीची करकर? दातांचा आवाज? दोन वाजता पुन्हा आई उठली, आणि मी शपथेवर सांगते, त्याआधी त्या खोलीत कसलाही आवाज झाला नव्हता. माझ्या पहिल्या रकान्यात शून्य होतं, आणि दुसऱ्या रकान्यातली प्रत्येक वेळ तिसऱ्याच्या आधीची. मी या बाईच्या हाताखाली एकवीस वर्षं वाढले होते. तिला लिहिता येत नाही, मोबाइलवर नंबर लावता येत नाही, म्हणून तिला शिकवत आले होते.

त्यानंतर मला डुलकी लागली असावी. आईचा धक्का लागून खुर्ची सरकली तेव्हा डोळे उघडले. आई कॉटवर गुडघा टेकून वाकली होती. अव्वा उशीवरून घसरून कुशीवर वळल्या होत्या, तोंड गादीत रुतलेलं. चांगला हात अंगाखाली अडकलेला, दुसऱ्याला जीव नाही. बेल सुतळीच्या टोकाला लोंबत होती. आईने एक हात मानेखाली घातला, एक कमरेखाली, आणि त्यांना पालथ्या परातीसारखं सहज वळवून उताणं केलं. अव्वांनी मोठा श्वास घेतला. दोन ठसके दिले. मग ती केटलीची शीळ पुन्हा सुरू झाली.

शेजारच्या खोलीत कुणाला जागसुद्धा आली नाही. मीही त्याच खोलीत होते, हाताच्या अंतरावर, मोजायला म्हणून आलेली.

आईने मला पाणी दिलं.

“तुला कळलं कसं?” मी कुजबुजले.

“आवाज थांबला की.”

“आणि बाकीच्या वेळी?”

“तवा बी थांबतोच. जाग यायच्या आदी ती शीळ थांबती. मग जरा येळ काय बी न्हाय. मग जाग. त्या मदल्या येळात मी उटती.”

मग, रात्रीचे तीन वाजले होते म्हणून असेल, किंवा मी पहिल्यांदाच विचारलं होतं म्हणून असेल, ती बोलत राहिली. तिचं माहेर सांगोल्याकडचं, मेंढरांचं. लहानपणी पावसाळा सोडला तर सगळं वर्ष कुणाच्या ना कुणाच्या रानात. रात्री जाळीच्या कुंपणात मेंढरं आणि कुंपणाला लागून घोंगडीवर ही, सात-आठ वर्षांची.

“मेंढरं रात्रभर रवंथ करत्यात. शंभर तोंडं. लई ग्वाड आवाज असतो त्यो, पाण्यावानी. त्यो चालू हाय तवर झोपायचं. थांबला की डोळं उगडायचं. बाप सांगायचा, लांडगा काय बेल वाजवून येत न्हाय.”

“बाप बेल म्हणायचा?”

“बेल म्या घातली,” आई म्हणाली आणि तोंडावर पदर धरून हसली.

मला आमच्या घरातले उन्हाळे आठवले. लाइट जायची, पंखा थांबायचा, आणि अंधारात दरवेळी आईचा आवाज आधीच जागा असायचा: “झोप, मी वारा घालती.” कुकरच्या शिट्टीला, बाबांच्या खोकल्याला, मोर्च्यांच्या लाउडस्पीकरला ती कधी उठल्याचं आठवत नाही. मी हे सगळं वर्षानुवर्षं पाहिलं होतं आणि त्याला काही अर्थ असेल असं मला वाटलंच नव्हतं.

सकाळी वही घेऊन घरी आले तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी मॅडमशी कुठे हरले. मी मान्य करून टाकलं होतं की हाक ऐकू आली तरच काम. मधला वेळ, ते पडून राहून राखणं, ते मी स्वतःच्या हाताने फुकट देऊन बसले होते. आणि हाकेवर पैसे लावले की जी बाई हाक येऊच देत नाही, तिला शून्य. जी कानावर चादर घेऊन तिसऱ्या बेलला उठते, तिला नव्वद. असा दर मालकाने ठरवला असता तर मी त्याच्या दारात बसले असते. तो मी ठरवला होता.

नवीन पत्रक लिहिलं. दोन पानं. त्यात मेंढरं, लांडगा, केटलीची शीळ, सगळं. बाबांनी वाचलं, दोनदा डोळे पुसले आणि पेन्सिलने दीड पान खोडलं.

“का?”

“मॅडमला लांडगा नको सांगू. तास सांग. नऊ ते सात किती झाले?”

“दहा.”

“त्या दहांत बाईला उठून घरी जाता येतं का?”

“नाही.”

“मग दहाच्या दहा कामाचे. एवढंच लिही.”

तेवढंच लिहिलं. झोपायची आणि जागी असा भेद बंद करा, दोन्हींना सहाशे द्या. महिन्याच्या शेवटच्या दिवशी अकराही जणी त्या मेडिकलच्या वर जमल्या. मॅडमनी कागद वाचला आणि बाजूला ठेवला.

“अहो, तुमचंच पत्रक होतं की. हाकेवर द्या म्हणालात, दिले. आता वाजलीच नाही बेल तर मी पार्टीकडून कशाचे मागू? झोपायचे पैसे कोण देतं?”

विडी घरकुलाच्या काकूही उसळल्या. “माज्या घरी रोज आठ-नऊ येळा वाजती. माजं कशापायी बुडवता? हिच्या आईची वाजत न्हाय त्यो तिचा प्रश्न.”

त्यांचंही खोटं नव्हतं. मी बोलायला लागले, माझा आवाज चढला, आणि मला माझ्याच तोंडून छापील वाक्यं येताना ऐकू आली. मॅडम फोनकडे बघायला लागल्या.

तेव्हा आई बोलली. ती दाराशी खाली बसली होती, ड्युटीच्या पिशवीला टेकून.

“मॅडम, तुमच्या म्हायेराला मेंढरं बसवत्यात का वो रानात?”

मॅडमचं माहेर मोहोळकडचं, घरी बागायती शेती. “बसवतात की. दर वर्षी. खताला त्याच्यासारखं नाही.”

“मग धनगराला पैसं कसं देत्यात?”

“रात्रीवर. एका रात्रीचे अमुक, वर ज्वारी.”

“रात्रीवरच का वो?” आई म्हणाली. “सकाळी लेंड्या मोजून का न्हाय देत?”

मग विडी घरकुलाच्या काकूंनी जी हसायला सुरुवात केली ती खोकला लागेपर्यंत. एकेक करून सगळ्याच जणी हसायला लागल्या. एकजण म्हणाली, “मॅडम, वहीत लिवा की, आज लेंड्या शून्य!” मॅडमनी ओठ आवळून धरले होते, पण खांदे हलत होते, आणि शेवटी त्यांनीही डोक्याला हात लावून हसू सोडून दिलं. मी अकरा बायकांच्या मध्ये उभी होते, हातात अर्ध्या पानाचं पत्रक, आणि आईकडे नुसती बघत होते. ती आपल्याकडे कुणी बघत नाही अशा बेताने पिशवीची चेन लावत होती.

हसण्याने पैसे मिळत नाहीत, हे बाबांनी मला लहानपणीच सांगितलंय. पुढचा तास घासाघीस झाली. मॅडमनी तिथूनच शुक्रवार पेठेतल्या सुनेला फोन लावला, स्पीकरवर. “मावशींचे पैसे वाढवायला म्हणतात. तुमच्याकडे तर बेल वाजतच नाही.”

पलीकडे भांड्यांचा आवाज होता. सून म्हणाली, “मॅडम, मावशी यायच्या आधी बेल मीच होते. दीड वर्ष रात्री सलग झोपले नव्हते. आता झोपते. ह्यांना विचारून सांगते, पण मावशींना काढू नका.” अर्ध्या तासाने त्यांचा होकार आला.

ठरलं ते असं. झोपायच्या ड्युटीला रात्रीचे साडेचारशे, सगळ्यांना, बेल वाजो न वाजो. रोज पाचापेक्षा जास्त वेळा बेल वाजते अशा घराची जागी ड्युटी धरायची. त्यामुळे काकूंचे सहाशे झाले आणि त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली, जरा जोरातच. माझ्या पत्रकात सगळ्यांना सहाशे होते. उरलेल्या दीडशेचं भांडण अजून संपलेलं नाही, आणि मी ते सोडणार नाही.

एक तारखेला सकाळी साडेसातला आई आली. चूळ भरली, रात्रीची भाकरी आणि शेंगाचटणी खाल्ली, बाबांना औषधं दिली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. दहाच्या सुमाराला मॅडमचा फोन आला. जुळे सोलापूर भागात एक दिवसाची ड्युटी होती, चांगलं घर, बाई आजच हवी होती.

“मावशी म्हणाल्या होत्या मागे, दिवसाची घेईन म्हणून. देता का त्यांना फोन?”

मी आईकडे पाहिलं. तोंड उघडं, एक हात डोक्याखाली.

“झोपलीय ती,” मी म्हणाले. “दिवसाची नको तिला आता.”